वाळूच्या पटावरची टेकडी

मित्रांनो, खरी लढाई मी कधीच पाहिलेली नाही. तरीही माझ्या अंगावर जेवढ्या लढाया झाल्या, तेवढ्या एखाद्या जुन्या तटबंदीवरही झाल्या नसतील. मी वाळूचा पट आहे. आता वय झाले आहे आणि एक पाय थोडा आखूड पडला आहे, त्यामुळे कुणी काठावर रेलले की मी डुलतो.

माझे रूप साधे आहे. नऊ फूट लांब आणि सहा फूट रुंद असे सागवानी मेज, त्याला चारही बाजूंनी वीतभर उंचीचा काठ, आत जस्ताचा पत्रा आणि पत्र्यावर बारीक चाळलेली वाळू. जिथे तरुण अधिकारी तयार होतात, अशा एका सैनिकी शाळेत मी नोकरीला होतो. त्या वाळूत डोंगर, नद्या, रस्ते उभे करायचे, वर लाकडाचे लाल-निळे ठोकळे मांडायचे आणि जुन्या लढाया समजून घ्यायच्या, हे माझे काम.

मला घडवणारे सुतारकाका एका कानाने बहिरे होते. मोठ्या मनाचा माणूस. माझे सांधे त्यांनी असे बसवले की एकही खिळा ठोकावा लागला नाही. पण त्यांनी माप घेतले ते खोलीचे. दाराचे घ्यायचे राहून गेले. मी तयार झालो, आठ जणांनी मला उचलले, आणि दाराशी येऊन सगळे थांबले. मला आडवे केले, उभे केले, तिरके केले. काही केल्या मी आत जाईना. शेवटी दाराची चौकट काढावी लागली.

हा सगळा गोंधळ एक उंच, सडपातळ अधिकारी भिंतीला टेकून पाहत होते. त्यांचा डावा पाय लढाईत जायबंदी झाला होता. ते शाळेत युद्धांचा इतिहास शिकवत. पुढे मुलांनी त्यांचे नाव वाळूसाहेब ठेवले, म्हणून मीही तेच म्हणतो.

"झाला की पहिला धडा!" वाळूसाहेब हसून म्हणाले. "चढाई करण्याआधी वाट केवढी आहे ते बघून घ्यावं."

सुतारकाकांना ते नीट ऐकू आले नाही. "हो हो, सागवानच आहे," ते म्हणाले.

मी खोलीत आलो, पण वाळू आली नाही. गाडी नादुरुस्त, मग गाडीवान आजारी, मग वाळूत खडेच जास्त. तीन आठवडे मी रिकामा होतो. वाळूसाहेबांनी त्याच रिकाम्या पटाभोवती वर्ग भरवला.

"बघा," ते म्हणाले, "या पटावर जगातली सगळ्यात शूर सेना उभी आहे. सेनापती हुशार आहे, बेत पक्का आहे. फक्त सेना दिसत नाहीये, कारण ती अजून पोचलेली नाही. गाडी आलेली नाही ना! अन्न, पाणी, दारूगोळा, चाकं, औषधं वेळेवर पोचवणं, याला रसद म्हणतात. तिच्यावर कुणी पोवाडे रचत नाही. पण ती नसेल तर पोवाड्याला विषयच उरत नाही."

अशी माझी सुरुवात झाली.

त्यानंतरची वर्षे आठवली की आजही माझ्या फळ्यांना ऊब येते. वर्गाच्या आधी वाळूसाहेब एकटे येत. बाह्या वर सारत. झारीने वाळूवर पाणी शिंपडत, कारण कोरडी वाळू उभी राहत नाही. मग तळहाताने दाबून डोंगर उठवत, बोटाने दऱ्या ओढत. नदीसाठी निळी भुकटी, जंगलासाठी हिरवा रंगवलेला भुसा, रस्त्यासाठी पांढरा दोरा. काम करताना ते गुणगुणत, आणि सूर असा काही लागे की खिडकीतले कबूतर उडून जाई.

मुले यायची, माझ्याभोवती उभी राहायची. शब्द शिकवायची साहेबांची रीतच वेगळी होती. एकदा एकाने विचारले, "सर, रणनीती आणि डावपेच यांत फरक काय?"

"कुठं लढायचं आणि कशासाठी, ही रणनीती," साहेब म्हणाले. "तिथं गेल्यावर कसं लढायचं, हे डावपेच. डावपेच उत्तम आणि रणनीती चुकलेली असेल, तर माणूस अगदी वेळेवर भलत्याच गावाला पोचतो."

राखीव दल शिकवताना ते तीन ठोकळे खिशात ठेवत आणि तास संपेपर्यंत हात बाहेर काढत नसत. मुलांची सगळी मांडणी संपली, सगळे ठोकळे अडकले, की मग ते खिसा वाजवून दाखवत. एकदा एक मुलगा अवघड प्रश्नाला उत्तर न देता भलतेच बोलू लागला. साहेब शांतपणे म्हणाले, "तू आत्ता जे केलंस ना, त्याला बगल देणं म्हणतात. छान जमलं. फक्त ती शत्रूला द्यायची, मला नाही." सारा वर्ग खो खो हसला आणि तो शब्द कुणीही विसरले नाही.

शाळेच्या आवारात एक मांजर होते. त्याला माझ्या वाळूचा वेगळाच उपयोग सुचला. एका सकाळी वर्ग भरला तेव्हा पटावरच्या राजधानीत जे काही पडलेले होते, ते पाहून साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "शहर सोडावं लागेल. याला म्हणतात माघार." त्या दिवसापासून माझ्यावर चादर घालण्याची पद्धत सुरू झाली.

मित्रांनो, माघार हा मात्र साहेबांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. वर्षातून एक दिवस ते माझ्यावर एक ठरावीक देखावा उभा करत. एक नदी, तिच्यावर पूल, अलीकडे एक टेकडी, टेकडीवर एकच झाड, आणि टेकडीच्या पायथ्याने पुलाकडे जाणारा रस्ता. त्या दिवशी ते गुणगुणत नसत. कारण ती लढाई पुस्तकातली नव्हती. चोविसाव्या वर्षी ते स्वतः त्या पुलावर होते.

"पुढे जाणाऱ्या तुकडीला आपल्या जुन्या भाषेत काय म्हणतात?" ते विचारत.

"बिनी!" मुले एका सुरात म्हणत. बिनीचा शिलेदार हा शब्द वर्तमानपत्रातसुद्धा येतो, तो सर्वांना ठाऊक असे.

"आणि सगळ्यात मागे राहणारीला?"

हा शब्द मात्र कुणाला ठाऊक नसे.

"चंदावल," साहेब सांगत. "सेना मागे फिरते तेव्हा शत्रूला अडवायला शेवटी थांबते ती चंदावल. बिनीवाल्याला निदान पुढे काय आहे याची उत्सुकता असते. चंदावलीवाल्याला फक्त आपल्या माणसांच्या पाठी दिसतात. लक्षात ठेवा, शिस्तीत मागे येणं ही माघार. जीव घेऊन सैरावैरा धावणं हा पळ. दोन्हींत पाय मागेच पडतात, पण शब्द वेगळे आहेत. ते वेगळेच ठेवायचे."

मग ते त्या दिवसाची हकिकत सांगत. जखमींच्या गाड्या पुलावरून पार होत होत्या. चंदावल म्हणून एक हवालदार आणि दहा जवान टेकडीवर ठेवले होते. गाड्या पार झाल्या की पुलावरून पिवळा बावटा हलवायचा, तो पाहून त्यांनी खाली उतरायचे, आणि ते आले की पूल उडवून द्यायचा, असे ठरले होते.

"बावटा मीच हलवला," साहेब सांगत. "पाव तास हलवला. टेकडीवरचं झाड मला समोर दिसत होतं. कुणीही आलं नाही. शेवटी हुकूम आला आणि पूल उडवला. ते अकरा जण जागा सोडून आधीच पळाले होते."

एवढे बोलून ते टेकडीवरचा एकुलता ठोकळा उचलत आणि बाजूला ठेवत. एकोणीस वर्षे मी ती टेकडी अंगावर वागवली, मित्रांनो. जशी साहेबांच्या हातांनी केली तशी, गोल, गुळगुळीत, एखाद्या उलट्या वाटीसारखी. मला बोलता येत नाही आणि ती जागा मी पाहिलेलीही नव्हती. हात जे सांगतील तेच माझ्या वाळूला खरे.

विसाव्या वर्षी मोजणी खात्यातून एक बाई शाळेत आल्या. मुलांना नकाशा वाचायला शिकवण्यासाठी त्यांना आठवडाभर बोलावले होते. वय बत्तीसच्या आसपास, उन्हाने रापलेला चेहरा, पायांत जाडजूड बूट, खांद्याला चामड्याची पिशवी. डोंगर-नद्या मोजत हिंडणे हाच त्यांचा व्यवसाय. मुले त्यांना मोजणीबाई म्हणू लागली. त्या साहेबांचा तास ऐकायला आल्या तो नेमका माघारीचा दिवस निघाला.

त्या मागे उभ्या होत्या. पटाकडे नजर जाताच त्या एकदम पुढे आल्या आणि नदीच्या वळणाकडे टक लावून पाहू लागल्या. साहेबांची हकिकत संपली. "...आधीच पळाले होते," असे म्हणून त्यांनी ठोकळा उचलला.

"सर, सोंड कुठं आहे?" मोजणीबाईंनी विचारले.

"कसली सोंड?"

"या टेकडीची. पुलाच्या बाजूला डोंगराची एक सोंड उतरलीय, हत्तीच्या सोंडेसारखी. तुम्ही ती केलेलीच नाही."

साहेब हसले. "बाई, मी त्या पुलावर उभा होतो."

"आणि मी त्या टेकडीवर," बाई म्हणाल्या. "चार महिने तंबू ठोकून होते. सगळा परिसर मोजलाय मी." त्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "ती मोजणी मी मुद्दाम मागून घेतली होती. त्या अकरा जणांमधला हवालदार माझा बाप."

साहेबांच्या हातात अजून तो ठोकळा होता. त्यांनी तो खाली ठेवला नाही आणि खिशातही टाकला नाही. मुलांना त्यांनी हाताच्या खुणेने बाहेर जायला सांगितले.

खोलीत आम्ही तिघेच उरलो. बाईंनी पिशवीतून मोजणीची वही काढली, बाह्या सारल्या आणि माझ्या वाळूत हात घातला. त्यांचे हात साहेबांपेक्षा वेगळे होते. त्या आकडा वाचत, बोटांनी उंची जोखत आणि मगच वाळू दाबत. टेकडीच्या अंगातून त्यांनी एक लांब सोंड पुलाच्या दिशेने काढली. मग टेकडीच्या खांद्यावर, रस्त्याच्या बाजूला, पेन्सिलीच्या टोकाने अकरा टोचे मारले.

"हे काय?" साहेबांनी विचारले.

"खड्डे. आत बसून गोळ्या झाडायला मोर्चे खणले होते, त्यांच्या खुणा. बुजलेत, पण कळतात. अकरा आहेत, मी मोजलेत."

"शेंड्यावर नव्हते मोर्चे?"

"शेंड्यावरून रस्ता दिसतच नाही सर. रस्ता अडवायचा तर खांद्यावरच बसावं लागतं."

साहेबांनी खिशातून पांढरा दोरा काढला. त्याचे एक टोक पुलावर, जिथे ते स्वतः बावटा घेऊन उभे होते तिथे, बाईंनी धरले. दुसरे टोक साहेबांनी झाडापाशी नेले. दोरा हवेत सरळ ताणला गेला, कुठेही टेकला नाही. म्हणून तर त्यांना झाड दिसत होते. मग त्यांनी ते टोक खाली, त्या अकरा टोच्यांपाशी आणले.

दोरा सोंडेच्या वाळूत रुतला.

साहेबांनी तो सैल केला, पुन्हा ताणला. पुन्हा रुतला. मग ते आपला दुखरा पाय लांब करून खाली वाकले, गाल माझ्या काठाला टेकवला आणि एका टोच्याजवळून पुलाकडे पाहू लागले. त्यांचा श्वास माझ्या लाकडाला लागत होता.

"दिसत नाही," ते म्हणाले. "इथून पूल दिसतच नाही. त्यांना बावटा दिसलाच नाही."

बाईंनी पिशवीतून रुमालाची एक पुरचुंडी काढून माझ्या काठावर ठेवली. आत पितळेच्या पाच-सहा रिकाम्या काडतुसांच्या नळ्या होत्या, हिरव्या पडलेल्या.

"एकेका खड्ड्यात खच आहे," त्या म्हणाल्या. "मला एवढंच कळेना, की लढायला थांबलेल्या माणसाला कागदावर पळालेला का म्हटलंय. आम्हाला आलेल्या कागदावर लिहिलंय, 'माघारीच्या वेळी गैरहजर, तुकडी सोडून गेला.' शाळेत मला पळपुट्याची पोर म्हणायचे सर. तो कागद कुणी लिहिला तेवढं मला शोधायचं होतं."

"मी लिहिला," साहेब म्हणाले.

खिडकीबाहेर मैदानावर कवायत चालली होती. तिचे हुकूम तेवढे ऐकू येत होते.

"पूल उडवल्यावर नावं पुकारून हजेरी घेतली. अकरा जण कमी. कारण लिहायचं होतं, ते मी लिहिलं." साहेब थांबत थांबत बोलत होते. "नदीपलीकडून आम्ही दोन तास गोळीबार ऐकला. आम्हाला वाटलं, शत्रू मोकळ्या टेकडीवर दारूगोळा फुकट घालवतोय. कुणीतरी त्यावर थट्टासुद्धा केली. हसलो आम्ही. मोकळ्या टेकडीवर कुणी दोन तास गोळ्या झाडतं का? एवढा साधा प्रश्न आणि इतक्या वर्षांत मी तो स्वतःला विचारला नाही. त्या दोन तासांत आमच्या गाड्या पलीकडचं माळरान ओलांडून गेल्या. मीही गेलो."

मित्रांनो, मला वाटले होते की बाई आता रागावतील. त्यांचा तो हक्कच होता. त्या स्टुलावर बसल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मला आनंद व्हायला हवा होता. पण आता आईला काय सांगू?"

साहेबांना कळेना.

"कागदावर 'मेला' असं कुठं आहे?" बाई म्हणाल्या. "'सोडून गेला' असं आहे. म्हणजे कुठंतरी आहे, असं आई धरून चाललीय. अठ्ठावीस वर्षं झाली. छत गळतं, भिंतीला ओल येते, पण घर बदलू देत नाही. म्हणते, पत्ता बदलला तर त्याला सापडायचं कसं? लोक नावं ठेवायचे तेव्हा मी रडायचे. ती रडायची नाही. माझी अब्रू जात होती, पण तिचा नवरा जिवंत होता ना."

साहेब म्हणाले, "बाई, तुमची आई 'नको' म्हणाली तर मी गप्प बसेन. 'हो' म्हणाली तर नोंद बदलेपर्यंत स्वस्थ बसणार नाही."

चार दिवसांनी आई आल्या. लहानखुऱ्या, पाठीत वाकलेल्या, पण नजर धारदार. साहेब उठून उभे राहिले. "या वहिनी," म्हणाले, आणि पुढे त्यांना शब्द सुचेना. युद्धातल्या प्रत्येक गोष्टीचे नाव ठाऊक असलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांच्यापाशी एकही शब्द नव्हता.

आईंनी मला चारही बाजूंनी पाहून घेतले. "एवढीच नदी?"

"मोठी आहे गं," मोजणीबाई म्हणाल्या. "हे लहान करून दाखवलंय."

मग साहेबांनी सगळे सांगितले. काहीही गाळले नाही. बावटा, झाड, सोंड, हजेरी, गोळीबार आणि हसणे. शेवटी आईंनी विचारले, "ह्यांतला त्याचा खड्डा कुठला?"

"ते नाही सांगता येत वहिनी."

"रस्त्याच्या सगळ्यात जवळचा असेल," आई म्हणाल्या. "घरात पाहुणे आले तरी दाराशी तोच बसायचा. दुसऱ्याला बसू द्यायचा नाही." त्यांनी त्या टोच्यापाशी बोट टेकवले. वाळूत त्यांच्या बोटाचा ठसा उमटला. "म्हणजे तो आता यायचा नाही."

आईंनी बोट उचलले नाही.

"पळाला असता तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "कधीतरी आला असता तोंड लपवत. मी चार शब्द सुनावले असते, आणि मग जेवायला वाढलं असतं." आता त्यांचा आवाज फुटला. लेकीने त्यांना धरले. बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने डोळे कोरडे केले आणि साहेबांकडे वळल्या. "तुम्ही मुद्दाम नाही केलंत, हे कळतं मला. पण केलंत तुम्हीच. तेव्हा आता नीट लिहा. अकराही जणांचं लिहा. बाकीच्या दहा घरांतही कुणी असंच बसलं असेल."

साहेबांनी मान खाली घालून "हो" म्हटले.

लिहिणे सोपे होते. मान्य करून घेणे महाकठीण. कचेरीतून उत्तर आले की नोंद जुनी आहे, बदलता येत नाही. साहेबांनी पुन्हा लिहिले. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या वेळी ते स्वतः गेले आणि तिथल्या नोंदी सांभाळणाऱ्या मोठ्या अधिकाऱ्याला, अक्षरशः गळ घालून, माझ्यापर्यंत घेऊन आले. गृहस्थ घाईत होते. घड्याळ पाहत म्हणाले, "वाळूच्या खेळावरून सरकारी कागद बदलायचा का?"

"नका बदलू," साहेब म्हणाले. "फक्त हा दोरा धरा."

मोजणीबाईंच्या वहीतले आकडे शेजारी ठेवले होते. अधिकाऱ्यांनी आकडे पडताळले, मोजपट्टीने वाळू मोजली. मग दोरा ताणला. तो रुतला. त्यांनी टोक थोडे सरकवले. रुतला. दुसऱ्या खड्ड्यापासून, तिसऱ्या खड्ड्यापासून, असे अकराही खड्ड्यांपासून त्यांनी पाहिले. अकराव्या वेळी ते घड्याळाकडे पाहायचे विसरले होते.

"काय शब्द लिहायचा?" त्यांनी विचारले.

"चंदावलीवर असताना कामी आले," साहेब म्हणाले.

तसे लिहिले गेले. अकरा घरांना अकरा नवे कागद गेले. त्यातले दोन परत आले, कारण घेणारे कुणी उरले नव्हते. त्या वर्षी पाऊस सुरू होण्याआधी मोजणीबाईंच्या आईंनी ते गळके घर सोडले आणि त्या लेकीकडे राहायला गेल्या. हे मला साहेबांच्या बोलण्यातून कळले.

त्यानंतर माघारीचा तास बदलला. साहेब मुलांसमोर आधी स्वतःची चूक सांगत, मग दोरा मुलांच्या हातात देत. तो तास त्यांनी कधी चुकवला नाही. सहा वर्षांनी ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी माझी वाळू स्वतः चाळली, काठ पुसला, सांध्यांना तेल लावले, आणि कुणी पाहत नाही असे पाहून मला दोनदा थोपटले. पुढे ते आले नाहीत. माणसांची वये होतात.

नंतर काय झाले ते तुम्ही ओळखले असेल. भिंतीवर मोठा पडदा आला. बटण दाबले की त्यावर डोंगर उभे राहू लागले. मला राग नाही त्याचा. ते डोंगर फार सुरेख होते, आणि मुलांचे हातही मळत नसत. माझ्यावर आधी फाईली आल्या, मग चहाचे कप, मग मोडक्या खुर्च्या. मला कोठीत नेताना पुन्हा चौकट आडवी आली. या वेळी चौकट काढायला कुणी तयार नव्हते, म्हणून माझा एक पाय कापून परत जोडला. तो थोडा आखूड बसला. कोठीत नऊ वर्षे काढली. पत्र्याला गंज चढला. सुतारकाकांचे सांधे मात्र एकही सुटले नाहीत.

आता मी एका संग्रहालयात आहे. इथे मला स्वच्छ ठेवतात, त्याबद्दल तक्रार नाही. वाळू नवी भरली आहे, तिच्यावर नीटस डोंगर केले आहेत, ठोकळे रंगवले आहेत. वर जाड काच बसवली आहे आणि शेजारी पाटी आहे, 'हात लावू नये'. तुम्ही येता, काचेला नाक लावता, आणि पुढच्या दालनात तलवारी पाहायला जाता.

पण मित्रांनो, काचेखालच्या वाळूला पाणी मिळत नाही. ती सुकते. सुकलेला डोंगर रोज कणाकणाने घसरतो, आणि कुणाच्याही ध्यानात न येता सगळे उंचवटे सारखेच गोल होऊन जातात. मग कुठल्याही टेकडीबद्दल काहीही सांगा, ते खरेच वाटते.

म्हणून माझे एवढे ऐका. हे संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंना सांगून ही काच उघडायला लावा. झारीभर पाणी आणा. बाह्या वर सारा आणि हात मळू द्या. 'शूर', 'भित्रा', 'जिंकला', 'पळाला' असले शब्द कुणाच्या नावापुढे मांडायचे असतील, तर आधी त्याच्या पायाखालची जमीन नीट मोजा. चूक झाली असेल तर वाळू ओली असेतोवर हलवता येते. मी म्हातारा झालो असलो तरी अजून पुष्कळ वजन पेलतो. काठावर खुशाल रेला. थोडा डुललो तर घाबरू नका.